मुंबईत घर महाग का? प्लेग ते चटईक्षेत्र : सव्वाशे वर्षांचा हिशेब

१/
मुंबईत घर महाग का, असे विचारले की एक उत्तर ठरलेले असते : तिन्ही बाजूंनी समुद्र, जागाच नाही. हे उत्तर अर्धेच खरे आहे. भूगोलाने जागा मर्यादित केली. पण त्या जागेवर किती मजले चढवायचे, कोणत्या भूखंडावर काय बांधायचे, भाडे किती घ्यायचे आणि एका मालकाकडे किती जमीन असू द्यायची, हे समुद्राने ठरवलेले नाही. ते कायद्यांनी ठरवले. १८९८ पासूनच्या त्या कायद्यांचा हा धागा.

२/
आरंभ एका रोगापासून होतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगास यांनी मांडवी भागातील रुग्णांमध्ये प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेली धान्याची वखार; उंदरांना मुबलक खाद्य आणि माणसांची दाटी. १८९७ उजाडेपर्यंत लाखो लोक शहर सोडून गेले होते. गिरण्या ओस पडल्या, व्यापार थांबला, आणि सरकारला प्रथमच कामगारांच्या खोल्यांकडे पाहावे लागले.

३/
त्या खोल्या तशा का होत्या? गिरणी कामगाराला कामाच्या ठिकाणी चालत जावे लागे. त्यामुळे गिरणी आणि गोदीच्या आसपासच्या जमिनीला प्रचंड मागणी होती. मालकांनी मिळेल त्या इंचावर चाळी उभ्या केल्या. दोन इमारतींमधील बोळ इतके अरुंद की खालच्या मजल्यावरील खोल्यांत भर दुपारीही अंधार. एका खोलीत एकाहून अधिक कुटुंबे, किंवा गावाकडून आलेले डझनभर पुरुष राहत. पगारात परवडेल असे घर तेवढेच होते.

४/
९ डिसेंबर १८९८ रोजी बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ग्लासगो शहरातील अशाच संस्थेचा आदर्श समोर होता. ट्रस्टचे अधिकार मोठे होते : अनारोग्यकारक ठरवलेली वस्ती संपादित करणे, ती पाडणे, नवे रस्ते काढणे आणि मोकळ्या जमिनीवर नव्या वसाहती आखणे. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड ही त्याची ठळक कामे. समुद्रावरचा वारा शहराच्या पोटात शिरावा, ही त्यामागची कल्पना.

५/
या कामातच पुढील शतकभराची चूक दिसते. ट्रस्टच्या पहिल्या दोन दशकांत पाडलेल्या खोल्यांची संख्या बांधलेल्या खोल्यांपेक्षा अधिक राहिली. घर गेलेला कामगार कामाच्या जवळच राहणार, म्हणून तो शेजारच्या गल्लीत शिरला. तिथली दाटी वाढली, भाडे वाढले. नकाशावर एक गलिच्छ वस्ती पुसली गेली. प्रत्यक्षात ती दोनशे पावले सरकली. वाईट घर पाडणे आणि चांगले घर देणे ही दोन वेगळी कामे आहेत, हा धडा मुंबईने तेव्हाच गिरवायला हवा होता.

६/
ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी एका नियमाचा हिरिरीने पुरस्कार केला : साडेत्रेसष्ट अंशांचा प्रकाशकोन. आकडा विचित्र वाटतो, पण गणित सोपे आहे. भिंतीची उंची समोरच्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नसावी. समोर तीन मीटर मोकळे असतील, तर भिंत सहा मीटर. खालच्या खोलीतही आभाळाचा तुकडा दिसावा, हा त्याचा हेतू. आजच्या बांधकाम नियमांतील मोकळ्या अंतरांचे हे पूर्वज.

७/
नियम माणुसकीचा होता यात वाद नाही. पण त्याची दुसरी बाजूही होती : त्याच जमिनीवर आता कमी खोल्या बसणार. उरलेल्या खोल्या अर्थात महागणार. ज्याला ते भाडे परवडत नाही, त्याने कुठे जावे? याचे उत्तर नियमात नव्हते. पुढे येणाऱ्या जवळपास प्रत्येक कायद्यात हीच पोकळी सापडते.

८/
ट्रस्टने एक काम मात्र फार चांगले केले. दादर, माटुंगा, शीव या भागांतील शेते आणि मोकळ्या जमिनी घेऊन, आधी रस्ते व गटारे आखून, मग भूखंड पाडून ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी ही त्याचीच फळे. बांधण्याजोगी जमीनच वाढवली, तर शहर श्वास घेऊ शकते, याचा हा पुरावा. दुर्दैवाने ही नवी घरे प्रामुख्याने मध्यमवर्गाच्या आवाक्यातली होती.

९/
१९१५ मध्ये मुंबई इलाख्याने नगररचना कायदा केला; भारतातील हा पहिलाच. त्याची युक्ती सुंदर होती. अनेक मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि मैदानांसाठी प्रत्येकाकडून थोडा हिस्सा घ्यायचा, आणि उरलेली जमीन सरळ भूखंडांच्या रूपात त्यांनाच परत द्यायची. सांताक्रूझ, विलेपार्ले, बोरिवली येथे अशा योजना झाल्या. गुजरातने ही पद्धत पुढेही नेटाने चालवली. मुंबईत ती मागे पडली.

१०/
पहिल्या महायुद्धात बांधकाम थंडावले, भाडी कडाडली. १९१८ मध्ये भाडेवाढीवर युद्धकालीन निर्बंध आले. पाठोपाठ १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन केले. उद्दिष्ट होते ५० हजार खोल्यांचे. खर्चासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठींवर कर बसवण्यात आला. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या. हीच ती बीडीडी चाळ.

११/
प्रत्यक्षात सुमारे १६ हजार खोल्याच झाल्या, आणि त्यांतील कित्येक सुरुवातीला रिकाम्या पडल्या. खोली १६० चौरस फुटांची, बांधकाम तुरुंगासारखे काँक्रीटचे, भाडे कामगाराच्या ऐपतीच्या तुलनेत जड. वरळी तर त्या काळी बाजारपेठेपासून दूर. सरकारने बांधलेले घरसुद्धा चुकीच्या जागी आणि चुकीच्या किमतीला असेल, तर ते गरजूच्या उपयोगी पडत नाही. १९३३ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट महानगरपालिकेत विलीन झाला आणि हा अध्याय संपला.

१२/
आता दुसरा मोठा टप्पा. दुसरे महायुद्ध, त्यानंतर फाळणी, आणि शहराकडे निर्वासितांचा ओघ. घरमालक तोंडाला येईल ते भाडे मागू लागले. या पार्श्वभूमीवर १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. त्याने ‘प्रमाणित भाडे’ ठरवले : १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, तेच. त्यानंतर प्रथम भाड्याने दिलेल्या जागेला पहिल्या वेळचे भाडे लागू. भाडेकरूला काढणेही अवघड केले. कायदा तात्पुरता मानला जात होता. मुदतवाढ मिळत मिळत तो अर्धशतक टिकला.

१३/
पहिल्या दहा वर्षांत या कायद्याने लाखो कुटुंबांना रस्त्यावर येण्यापासून वाचवले. गिरगाव, लालबाग, परळ येथील मराठी कामगार आणि कारकून शहराच्या मध्यभागी राहू शकले ते याच संरक्षणामुळे. गणेशोत्सव, व्यायामशाळा, वाचनालये, कामगार चळवळ, संयुक्त महाराष्ट्राचा लढा, या साऱ्यांना जी स्थिर वस्ती लागली, ती गोठवलेल्या भाड्याने दिली. हे विसरून कायद्याला नुसती नावे ठेवणे अन्यायाचे ठरेल.

१४/
पण महागाई गोठली नव्हती. भाडे १९४० चे, आणि सिमेंट, लाकूड, गवंडी यांचे दर चालू वर्षाचे. साठच्या दशकापर्यंत अनेक इमारतींचे भाडे दुरुस्तीलाही पुरेनासे झाले. मालकाने हात आखडता घेतला. भाडेकरूला इमारत आपली नव्हती, म्हणून त्यानेही खर्च केला नाही. पावसाळ्यात जिने खचू लागले, सज्जे कोसळू लागले. स्वस्त घराची किंमत कधी कधी जिवाने मोजावी लागली.

१५/
बाजारभाव आणि कायदेशीर भाडे यांतील दरी पागडीने भरून काढली. जागा सोडणारा भाडेकरू नव्याकडून रोख रक्कम घेई, त्यातला वाटा मालकाला देई. कायद्याच्या दृष्टीने हा गुन्हा. व्यवहारात सर्वमान्य रिवाज. परिणाम असा की महिन्याचे भाडे नाममात्र, पण आत शिरण्याची किंमत जबर. गावाहून आलेल्या नव्या माणसाकडे ती रक्कम नव्हती. म्हणजे भाडे नियंत्रणाचे छत्र आधी आलेल्यांवर. नंतर आलेल्यांच्या डोक्यावर झोपडीचा पत्रा.

१६/
सर्वांत खोल परिणाम न बांधलेल्या घरांत दिसतो. भाड्यासाठी चाळ बांधणे हा एकेकाळी चांगला धंदा होता. एकदा दिलेली जागा परत मिळत नाही आणि भाडे वाढत नाही, हे दिसल्यावर भाड्यासाठी बांधणारेच उरले नाहीत. पुढे जे बांधले गेले ते मालकी हक्काने विकण्यासाठी, सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या रूपाने. पगारातून भाडे देऊ शकणारा, पण एकरकमी घर घेऊ न शकणारा मोठा वर्ग बाजाराबाहेर फेकला गेला.

१७/
राज्याने यावर दुरुस्तीचा उपाय काढला. १९६९ च्या कायद्याने जुन्या इमारतींवर उपकर बसवून दुरुस्ती मंडळ स्थापन झाले. अशा उपकरप्राप्त इमारती होत्या १९,६४२. रोग ओळखूनही मुळावर घाव घातला गेला नाही. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले. त्यानंतर १९९९ चा नवा कायदा आला, ३१ मार्च २००० पासून अमलात आला, त्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली आणि पागडीलाही मान्यता दिली.

१८/
तिसरा टप्पा नकाशांचा. १९४८ मध्ये शहर अभियंता एन. व्ही. मोडक आणि अमेरिकन नियोजक अल्बर्ट मेयर यांनी बृहन्मुंबईच्या आराखड्याची रूपरेषा मांडली. हे मोडक म्हणजे ज्यांच्या नावाने मोडकसागर ओळखला जातो तेच. पुढे १९६४ चा विकास आराखडा आला. निवासी, व्यापारी, औद्योगिक असे विभाग रंगवले गेले. शाळा, बागा, रुग्णालये यांसाठी भूखंड आरक्षित झाले. आणि याच काळात एक नवा शब्द शहराच्या शब्दकोशात आला : चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजेच एफएसआय.

१९/
हा निर्देशांक नीट समजून घेणे आवश्यक आहे. भूखंड ६०० चौरस मीटरचा आणि निर्देशांक १ असेल, तर सर्व मजले मिळून ६०० चौरस मीटर बांधता येतात. जिने, भिंती सोडून देऊन ५० चौरस मीटरचे एक घर धरले, तर घरे १२. निर्देशांक २ झाला तर घरे २४. जमिनीची किंमत समजा १२ कोटी असेल, तर पहिल्या बाबतीत प्रत्येक घरावर जमिनीचा भार १ कोटी, दुसऱ्या बाबतीत ५० लाख. जमीन तीच, कुटुंबे दुप्पट.

२०/
मग निर्देशांक कमी का ठेवला? त्यामागे निश्चित विचार होता. पाणी, मलनिस्सारण आणि लोकल गाड्या यांवर मर्यादा होत्या. बेटावरची गर्दी रोखली तर माणसे आणि नोकऱ्या बाहेर सरकतील, असे गृहीत होते. स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटाने ठाणे खाडीवर पूल आणि पलीकडे नवी वसाहत सुचवली होती. धनंजयराव गाडगीळ समितीने प्रादेशिक नियोजनाचा आग्रह धरला. त्यातून १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा झाला.

२१/
१९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडे जुळ्या शहराची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. पण योजनेचा कणा होता तो शासकीय कार्यालये आणि नोकऱ्या पलीकडे नेण्याचा. ते झाले नाही. उलट त्याच काळात समुद्रात भर टाकून नरिमन पॉइंटचे मनोरे उभे राहिले. दक्षिणेत नोकऱ्या वाढवायच्या आणि घरांवर मर्यादा ठेवायची, असे हे परस्परविरोधी धोरण होते.

२२/
लोकसंख्या मात्र कोणत्याही नकाशाला विचारून वाढत नव्हती. बृहन्मुंबईत १९६१ मध्ये साधारण ४१ लाख माणसे होती. १९८१ मध्ये ८२ लाख. वीस वर्षांत दुप्पट. गिरण्या, बंदर, रासायनिक कारखाने, चित्रपट, सरकारी कचेऱ्या, सर्वांना माणसे हवी होती. कायदेशीर घरे त्या प्रमाणात उभी राहिली नाहीत. उरलेली माणसे रेल्वेच्या कडेला, दलदलीवर, टेकड्यांच्या उतारावर राहू लागली. ज्या जागेवर नकाशात काहीच नव्हते, तिथे शहर वसले.

२३/
१९७६ मध्ये चौथा टप्पा आला : नागरी जमीन कमाल धारणा कायदा. मूठभरांच्या हातातील मोकळी जमीन काढून गरिबांसाठी घरे बांधायची, हा उद्देश. मुंबईत मर्यादा ५०० चौरस मीटर. त्यावरील जमीन राज्याने घ्यायची. भरपाई चौरस मीटरला जास्तीत जास्त १० रुपये आणि एकूण २ लाख रुपयांच्या आत. बाजारभावाच्या तुलनेत ही रक्कम नगण्य होती. जमीन देण्यापेक्षा न्यायालयात जाणे मालकांना फायद्याचे वाटले यात नवल नाही.

२४/
कायद्यातच सवलतींच्या पळवाटा होत्या. सवलत देण्याचा अधिकार शासनाकडे. म्हणजे प्रत्येक मोठ्या भूखंडाची किल्ली एखाद्या फायलीत. देशभरात अतिरिक्त ठरवलेल्या सुमारे २ लाख २० हजार हेक्टर जमिनीपैकी प्रत्यक्ष ताब्यात आली ती दहा टक्क्यांहून कमी. उरलेली ना मालकाने बांधली, ना सरकारने. केंद्राने १९९९ मध्ये कायदा रद्द केला. महाराष्ट्राने ते मान्य करायला नोव्हेंबर २००७ उजाडला. टंचाई संपवण्यासाठी केलेल्या कायद्याने एकतीस वर्षे टंचाई वाढवली.

२५/
यातच गिरणगावाची कहाणी येते. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्या पुन्हा पूर्ववत झाल्या नाहीत. शहराच्या ऐन मध्यभागी सुमारे ६०० एकर जमीन अडकून पडली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने तोड काढली : मोकळी होणारी जमीन साधारण तीन वाट्यांत विभागायची. एक वाटा मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला.

२६/
२००१ मध्ये या नियमात बदल झाला. विभागणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची; गिरणीच्या इमारती पाडून मोकळी होणारी जमीन त्यातून वगळली गेली. गिरण्यांच्या आवारात मोकळी जमीन थोडीच असल्याने सार्वजनिक वाटा आक्रसला. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अर्थ उलटा लावला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदल कायम ठेवला. २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची सोडत काढली. घर मागणारे कामगार आणि वारस सुमारे दीड लाख होते. नियमातील एका शब्दाच्या अर्थाची ही किंमत.

२७/
त्याच १९९१ च्या नियमावलीने मूळ निर्देशांक बेटावर साधारण १.३३ आणि उपनगरांत १ ठेवला. सोबत हस्तांतरणीय विकास हक्क, अर्थात टीडीआर, आला. आरक्षित जमीन पालिकेला दिली की मालकाला पैशांऐवजी तेवढे बांधकाम दुसरीकडे करण्याचा हक्क. बेटावरील हक्क उपनगरांत वापरायचा. तिजोरीतून पैसा न देता जमीन मिळू लागली. पण उपनगरांतील गल्ल्यांवर मजले चढले आणि रस्ते तेवढेच राहिले. बांधण्याचा हक्क हेच चलन बनले.

२८/
१९९५ मध्ये हे चलन झोपडपट्टी पुनर्वसनासाठी वापरले गेले. अफजुलपूरकर समितीच्या शिफारशींनंतर पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. पात्र झोपडीवासीयाला २२५ चौरस फुटांचे मोफत घर. बदल्यात विकासकाला विक्रीसाठी वाढीव बांधकाम. घोषणा ४० लाख लोकांना घरे देण्याची होती. तीन दशकांनंतरही ती पूर्ण झालेली नाही. कारण योजनेच्या रचनेत आहे : मोफत घराचा खर्च निघतो तो शेजारच्या महागड्या घरातून. जिथे विक्रीचा भाव चढा, तिथे विकासक धावतो. बाकीच्या वस्त्या वाट पाहतात.

२९/
येथे एक विचित्र गाठ बसते. गरिबाचे घर, पालिकेची बाग, जुन्या चाळीची पुनर्बांधणी, या साऱ्यांचे पैसे वाढीव निर्देशांक विकून उभे राहतात. २०१८ च्या नियमावलीतही अधिमूल्य भरून जादा चटईक्षेत्र घेता येते. मूळ मर्यादा सरसकट उठवली, तर हे विकण्याजोगे काही उरत नाही. म्हणजे टंचाई ही केवळ समस्या राहिली नाही, ती उत्पन्नाचे साधन झाली. जानेवारी २०२१ मध्ये राज्याने ही अधिमूल्ये वर्षभरासाठी निम्मी केली तेव्हा विकासकांची परवानगीसाठी झुंबड उडाली.

३०/
मग निर्देशांक वाढवला की प्रश्न सुटेल का? नियोजनकार अलाँ बेर्तो यांचे मत असे की जगातील बहुतेक महानगरांनी वाढत्या मागणीबरोबर मर्यादा वाढवली, मुंबईने उलट ती दाबून ठेवली, आणि म्हणूनच सामान्य माणसाच्या वाट्याला इतके कमी चौरस फूट येतात. मॅनहॅटनमध्ये व्यापारी भागांत निर्देशांक १५ पर्यंत जातो.

३१/
शिरीष पटेल यांनी याला दमदार उत्तर दिले. मॅनहॅटनमध्ये रस्त्यांचा वाटा बराच मोठा आणि दरमाणशी जागाही मोठी. मुंबईत एका घरात अधिक माणसे राहतात. त्यामुळे तेवढाच निर्देशांक दिला तर त्याच रस्त्यावर कितीतरी पट गर्दी उतरेल. केवळ मजले मोजून चालत नाही. पदपथ, गाडी, पाणी, मैदान यांचाही दरडोई हिशेब हवा. दोघांचे म्हणणे एकत्र वाचले तर एक गोष्ट दिसते : मजले आणि रस्ते यांचा निर्णय एकाच वेळी व्हायला हवा होता. मुंबईत तो कधीच तसा झाला नाही.

३२/
आणखी एक बारकावा. निर्देशांक सर्वत्र वाढला तर घरांचा पुरवठा वाढून भावावर दाब येतो. तो निवडक भूखंडांनाच मिळाला तर त्या भूखंडाची किंमत तेवढी चढते. फायदा जमीनमालकाला, घर घेणाऱ्याला नाही. मुंबईत बहुतांश वाढ निवडकच राहिली. २०१५ च्या आराखड्याच्या मसुद्यात काही स्थानकांभोवती ८ पर्यंत निर्देशांक सुचवला होता. विरोधाचे वादळ उठले आणि एप्रिल २०१५ मध्ये मसुदा मागे घेतला गेला. रस्त्यांचे काय, हा प्रश्न विरोधकांनी विचारला. घर नसलेल्यांचे काय, हे विचारायला मात्र फारसे कोणी नव्हते.

३३/
२०११ च्या जनगणनेने दोन आकडे शेजारी ठेवले. शहराच्या सुमारे ४२ टक्के लोकांचे वास्तव्य झोपडपट्टीत. आणि त्याच शहरात पावणेपाच लाखांच्या आसपास घरे कुलूपबंद. घर राहण्यासाठी कमी आणि पैसा ठेवण्यासाठी अधिक घेतले जाऊ लागले, जुन्या भाडे कायद्याची धास्ती अजून गेली नाही, आणि बांधली जाणारी घरे ज्यांना हवी त्यांच्या ऐपतीची नाहीत, अशी अनेक कारणे यात गुंतली आहेत. केवळ पुरवठ्याचा आकडा वाढवून ही कुलुपे उघडणार नाहीत, हेही इथे दिसते.

३४/
सव्वाशे वर्षांच्या या इतिहासात खलनायक शोधणाऱ्याची निराशा होते. ट्रस्टला हवा आणि प्रकाश हवा होता. भाडे कायद्याला भाडेकरू वाचवायचा होता. आराखड्याला गर्दी आवरायची होती, जमीन धारणा कायद्याला साठेबाजी मोडायची होती. प्रत्येकाने आधीपासून शहरात असलेल्यांचा विचार केला. पुढच्या वर्षी कोकणातून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून येणारा माणूस, किंवा याच शहरात वाढून लग्नानंतर वेगळी खोली शोधणारी मुलगी, यांची मोजदाद कोणीच केली नाही. ती माणसे तर येणारच होती.

३५/
हा इतिहास दफ्तरांतच नव्हे, रस्त्यावरही वाचता येतो. लाकडी जिन्याची चार मजली चाळ दिसली, तर ती बहुधा १९४० पूर्वीची, गोठलेल्या भाड्याची. अरुंद गल्लीत उपनगरी इमारतीवर चढलेले जादा मजले टीडीआरचे. उंच मनोऱ्याच्या पाठीला चिकटलेली, खिडकीला खिडकी लागलेली इमारत पुनर्वसनाची. त्या शेवटच्या इमारतीच्या खालच्या मजल्यावर भर दुपारी दिवा लावावा लागतो. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम ज्या अंधाराविरुद्ध जन्मला होता, तो अंधार शंभर वर्षांनी नव्या काँक्रीटमध्ये परत आला आहे.